उमेदवारीचे काम यंत्राने उचलले, तर कारागीर घडणार कुठे?

यंत्रशाळा :

नमस्कार.

मी ३१ वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातल्या साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, काम करत आहे आणि त्यांपैकी गेली १२ वर्षे शिकाऊ उमेदवार माझ्या हाताखाली येत आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जातील की राहतील, यावर पुष्कळ बोलले जाते. मला छळणारा प्रश्न थोडा वेगळा आहे. ज्या साध्या कामांवर हात बसवत नवखा माणूस कारागीर होत असे, ती कामेच आता एकेक करून यंत्राकडे चालली आहेत. मग उद्याचा कारागीर कोणत्या कामावर घडणार?

एक प्रसंग सांगतो. एका उमेदवाराला मी ४० मिलिमीटर व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा बार टर्निंगसाठी, म्हणजे लेथवर फिरवत कापण्यासाठी, दिला होता. त्याने मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला गती आणि फीड (दर फेऱ्याला टूल किती पुढे सरकावे ते) विचारले, पण विचारताना फक्त 'स्टील' एवढेच लिहिले. उत्तर साध्या पोलादासाठी योग्य होते : कापण्याचा वेग मिनिटाला २५० मीटर, म्हणजे या व्यासाला सुमारे २,००० फेरे, आणि चांगल्या फिनिशसाठी बारीक फीड. स्टेनलेसला ते मानवले नाही. फीड फार बारीक असला की टूल कापण्याऐवजी घासत राहते, आणि घासल्याने स्टेनलेसचा पृष्ठभाग आणखी कठीण होत जातो. इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकावरच्या बदलता येणाऱ्या पात्याची, धार थोड्याच वेळात गेली. त्याने पुन्हा विचारले, तेव्हा कूलंट वाढवण्याचा सल्ला मिळाला. दुसरा इन्सर्टही गेला. मी पोहोचलो तेव्हा चिपा (कापताना निघणारे धातूचे काप) गडद निळ्या पडत होत्या आणि आवाज इतका चिरका झाला होता की मला तो दारातून ऐकू आला. मी मशीन थांबवून त्याला विचारले, "आवाज बदलला तेव्हाच का थांबला नाहीस?" त्याने मनापासून विचारले, "काका, आवाज बदलला हे कळतं कसं?"

मुलगा हुशार आहे, मेहनती आहे, आणि सहायकानेही विचारलेल्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिले नव्हते. चूक प्रश्नात होती, आणि प्रश्न नीट विचारण्यासाठी जे ज्ञान लागते ते त्याला मिळण्याची संधीच आलेली नव्हती. माझे पहिले सहा महिने कानस मारण्यात, बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर) काढण्यात, ड्रिलिंगमध्ये आणि दुसऱ्यांच्या मशीनजवळची चीप उचलण्यात गेले. चीप उचलता उचलता कोणत्या धातूची चीप कशी वळते हे डोळ्यांना कळले, आणि शेजारच्या लेथचा आवाज दिवसभर कानावर पडत राहिल्याने कान तयार झाला. कोणी ते 'प्रशिक्षण' म्हणून दिले नव्हते. आता टूल कोणत्या मार्गाने फिरावे हे सॉफ्टवेअर सुचवते, माप मशीनमधला प्रोब घेतो, कंपने सेन्सर मोजतात आणि सोपे जॉब रात्री माणसाशिवाय चालतात. उमेदवाराच्या वाट्याला उरतात ते अवघड जॉब, आणि त्यांच्यासाठी तो अजून तयार झालेला नसतो.

इतर क्षेत्रांतही असेच घडते आहे का, आणि कोणाला त्यावर काही वाट सापडली आहे का, हे जाणून घ्यायचे आहे.

अनुवादिका :

तुमचा प्रसंग वाचताना मला माझेच क्षेत्र दिसत होते. यंत्रभाषांतराची गुणवत्ता २०१६ च्या सुमारास, न्यूरल पद्धत सार्वजनिक सेवांमध्ये आली तेव्हापासून, झपाट्याने बदलली. आणि आता मोठ्या भाषा-प्रारूपांमुळे पहिला खर्डा बहुतेक ठिकाणी यंत्रच करते. आम्ही सुरुवात केली ती उपकरणांच्या माहितीपुस्तिका, सूचनापत्रके आणि नियमावल्या यांच्या भाषांतरापासून. ते काम रटाळ असे, पण एकच वाक्य पाच प्रकारे लिहून पाहण्याची सवय तिथेच लागली. आज नवख्या अनुवादकाला तेच काम 'यंत्राचा मजकूर तपासा' अशा रूपात मिळते.

जुन्या यंत्रभाषांतरातील चूक वाक्याच्या मोडक्या रचनेवरून लगेच कळत असे. आताचा मजकूर गुळगुळीत असतो. मूळ वाक्यातला नकार गळला, 'करावे' आणि 'करता येईल' यांतला फरक पुसला गेला, तरी मराठी वाक्य कानाला खटकत नाही. अशी चूक ज्याने स्वतः कधी केली आहे आणि जिच्यामुळे त्याला मजकूर परत आलेला आहे, त्यालाच ती सापडते. मी ज्यांना शिकवते त्यांच्यापैकी अनेकजण तपासणीत तरबेज वाटतात, पण कोऱ्या कागदासमोर बसवले की पहिल्या परिच्छेदातच अडतात.

कोडकरी :

संगणक-क्षेत्रातील दोन अभ्यास इथे सांगण्यासारखे आहेत.

पहिला २०२५ मधला, स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांचा, अमेरिकेतील वेतननोंदींवर आधारलेला. कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रभाव ज्या व्यवसायांवर सर्वाधिक पडतो, त्यांत २२ ते २५ वयोगटातील रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले, तर त्याच व्यवसायांतील अनुभवी लोकांचा रोजगार टिकून होता किंवा वाढला होता. म्हणजे ही चर्चा सुरू करणारे यंत्रशाळा जे टूलरूममध्ये पाहत आहेत, ते आकड्यांतही उमटू लागले आहे : कात्री वरून न लागता खालून लागते आहे.

दुसरा अभ्यासही २०२५ चाच आणि लहान आहे. त्यात १६ अनुभवी प्रोग्रामरांनी त्यांच्या ओळखीच्या प्रकल्पांतील २४६ कामे केली. ज्या कामांत सहायक वापरण्याची मुभा होती, त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. आणि तरीही काम संपल्यावर त्या लोकांचा समज असा होता की आपला सुमारे २० टक्के वेळ वाचला. साधने त्यानंतर सुधारली आहेत, त्यामुळे त्या १९ टक्क्यांना मी फार धरून बसणार नाही. मला चिंता वाटते ती समजुतीची. मुरलेल्या माणसालाही स्वतःचा वेग नीट जोखता येत नसेल, तर 'मला हे येते' असे शिकाऊ माणूस सांगतो त्यावर विसंबायचे कसे?

तारतंत्री :

मी इथे थोडा विरोधी सूर लावणार आहे, आणि तो रागाने लावत नाही, एवढे लक्षात घ्यावे.

मी वायरिंग आणि मोटार-पॅनेलची कामे करते. मी शिकू लागले तेव्हा मला हाताखाली घ्यायला कोणी तयार नव्हते. ज्यांनी घेतले, त्यांनी हातचे राखून शिकवले. कंट्रोल सर्किटचे आरेखन कसे वाचायचे हे मी विचारले की "तू फक्त वायर धर" असे उत्तर मिळे, आणि तेच आरेखन माझ्यानंतर आलेल्या मुलाला समजावून सांगितले जाई. उमेदवारीचे गुणगान ऐकताना मला ते दिवस आठवतात. ओव्हरलोड रिले वारंवार का ट्रिप होतो, स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये टायमर किती सेकंदांवर ठेवायचा आणि का, असले प्रश्न मी आज सहायकाला रात्री अकरा वाजता विचारू शकते, दहा वेळा विचारू शकते, आणि कोणी मला मूर्ख ठरवत नाही.

याला आकड्यांचाही आधार आहे. ग्राहकसेवा देणाऱ्या ५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहायकामुळे त्यांची उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी वाढली, पण नवख्या आणि कमी कुशल कर्मचाऱ्यांची तब्बल ३४ टक्क्यांनी. कसलेल्या माणसांना फारसा फायदा झाला नाही, कारण त्यांचेच शहाणपण ते साधन इतरांपर्यंत पोहोचवत होते. ज्यांना उस्ताद लाभला नाही, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

निदेशक :

तारतंत्री यांचा मुद्दा मी प्रशिक्षण संस्थेत रोज पाहतो. जी मुले पूर्वी वर्गात तोंड उघडत नव्हती, ती आता प्रश्न घेऊन येतात. पण त्यांनी सांगितलेला अभ्यास कामगिरी मोजतो, शिक्षण मोजत नाही, हा भेद इथे महत्त्वाचा आहे असे मला वाटते. साधन हाती असताना काम किती झाले हा एक प्रश्न आहे. साधन काढून घेतल्यावर काय उरले हा दुसरा.

या दुसऱ्या प्रश्नावर तुर्कस्तानातील सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर केलेला गणिताचा प्रयोग फार बोलका आहे. एका गटाला सरावाच्या वेळी सरळ उत्तर देणारा सहायक मिळाला, आणि त्या गटाची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. दुसऱ्या गटाला शिक्षकांच्या मदतीने बेतलेला, उत्तर न देता इशारे देणारा सहायक मिळाला. त्यांची कामगिरी १२७ टक्क्यांनी सुधारली. नंतर सगळ्यांची सहायकाविना परीक्षा घेतली, तेव्हा पहिला गट सहायक कधीच न मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. इशारे मिळालेल्या गटाचे हे नुकसान जवळजवळ झाले नाही, पण तो इतरांच्या पुढेही गेला नाही.

शाळेतील गणित आणि लेथ एक नव्हे, हे मान्य. तरीही मी त्यावरून एक सवय लावून घेतली आहे. दोष शोधण्याच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने आधी स्वतःचा अंदाज, त्यामागचे कारण आणि तो तपासण्याची रीत वहीत लिहायची. मगच मोबाईल उघडायचा. आणि दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर मल्टिमीटरने निकाल लावायचा. पहिले काही आठवडे मुले कुरकुरतात. पण जिथे सहायक चुकला आणि वही बरोबर निघाली, तो दिवस त्यांच्या लक्षात राहतो. उलटही घडते, आणि तेही तितकेच शिकवून जाते.

क्ष_किरण :

वैद्यकीय प्रतिमा वाचणे हे माझे काम. २०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे आघाडीचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी जाहीरपणे म्हटले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवायला हवे. तसे काही झाले नाही. आमची गरज आजही आहे. पण यंत्राची मदत निरुपयोगी आहे असेही नाही. स्वीडनमध्ये ८०,००० हून अधिक महिलांच्या स्तनतपासणीवर झालेल्या चाचणीत यंत्राच्या मदतीने वाचनाचा भार ४४ टक्क्यांनी कमी झाला आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही. रुग्णाच्या बाजूने पाहता हे चांगलेच आहे.

मला अस्वस्थ करणारा अभ्यास दुसरा आहे. पोलंडमधील चार केंद्रांत मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरात आली. त्यानंतर तिच्या मदतीविना झालेल्या तपासण्या पाहिल्या, तेव्हा त्याच अनुभवी डॉक्टरांकडून कर्करोगपूर्व गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलेले दिसले. हा अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्यामुळे त्यातून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही. पण इथे आपण आतापर्यंत नवख्यांबद्दल बोलत होतो, आणि हे तर मुरलेले लोक आहेत.

धावपट्टी :

क्ष_किरण यांनी सांगितलेली गोष्ट विमानवाहतुकीला जुनी आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण साचले, स्वयंचालक यंत्रणा आपोआप बंद झाली, आणि उंचावर हाताने विमान सांभाळण्याचा सराव नसलेल्या वैमानिकांच्या हाती ते अवघ्या साडेचार मिनिटांत पाण्यात गेले. कारणे अनेक होती, पण हा धागा त्यांत निश्चित होता. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते की, स्वयंचलनानंतर माणसाकडे जे उरते ते सर्वांत अवघड असते, आणि नेमका त्याचाच सराव त्याला मिळत नाही.

विमानवाहतुकीने या अनुभवातून काय केले, ते इतर व्यवसायांना घेता येईल. सिम्युलेटरवर ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा द्यावीच लागते, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या हवाई नियामकाने कंपन्यांना सांगितले की नेहमीच्या उड्डाणांतही वैमानिकांना योग्य वेळी हाताने विमान उडवण्यास प्रोत्साहन द्यावे. हा सराव उत्पादक वेळेतून काढलेला असतो आणि त्याचा खर्च कोणीतरी उचलतो. टूलरूममध्ये तो कोण उचलणार, हे ठरल्याशिवाय बाकीच्या सूचना कागदावरच राहतील असे मला वाटते.

अर्थवेध :

धावपट्टी यांच्या अखेरच्या वाक्यात गाठ आहे, म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेला विचार असा की, जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक सहसा करत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. मग खर्च कोण करतो? शिकणाराच करतो, कमी वेतन स्वीकारून. उमेदवारी हा असाच एक अलिखित सौदा होता. उस्तादाने वेळ द्यायचा आणि बदल्यात उमेदवाराने साधी, वेळखाऊ, पण करावीच लागणारी कामे कमी पैशांत करायची. यंत्रशाळा यांनी उचललेली चीप, अनुवादिका यांच्या माहितीपुस्तिका, नव्या वकिलाने चाळलेली कागदपत्रे, नव्या प्रोग्रामरने सुधारलेल्या किरकोळ चुका, ही सगळी त्या सौद्यातली फेड होती.

कृत्रिम बुद्धिमत्तेने ती फेडच निकालात काढली आहे. मालकाला उमेदवाराचे साधे काम आता नको, कारण ते यंत्र करते. आणि उस्तादाचा वेळ मात्र पूर्वीइतकाच महाग आहे. त्यामुळे 'शिकाऊ माणूस परवडत नाही' असे जो मालक म्हणतो, तो त्याच्या हिशेबाने खोटे बोलत नाही. प्रत्येकाने स्वतंत्रपणे हाच हिशेब केला तर दहा-पंधरा वर्षांनी अनुभवी माणूस कोणालाच मिळणार नाही, पण त्या दिवसाचा खर्च आजच्या कोणाच्याही वहीत लिहिलेला नाही.

जर्मनीत हा प्रश्न बाजारावर सोडलेला नाही. तिथे १९६९ च्या कायद्यानुसार बहुधा तीन ते साडेतीन वर्षांची उमेदवारी कारखाना आणि शाळा यांत विभागलेली असते, अभ्यासक्रम देशभर एकच असतो आणि परीक्षा कारखान्याबाहेरची मंडळे घेतात. त्यामुळे उमेदवाराला एकाच मालकाच्या कामापुरते शिकवून भागत नाही. ही पद्धत उचलून कुठेही ठेवता येईल असे नाही. तिच्यामागे मालकसंघटना आणि कामगारसंघटना यांची अनेक दशकांची बैठक आहे. पण शिकण्याचा वेळ हा उत्पादनातून चोरलेला वेळ नसून करारात लिहिलेला वेळ असू शकतो, एवढे तरी तिच्यावरून दिसते.

तारतंत्री :

अर्थवेध, तुमच्या मांडणीने माझा बराच विरोध मावळला, पण एक गोष्ट यंत्रशाळा यांना विचारायची आहे. त्या सहा महिन्यांतले खरोखर किती दिवस तुम्ही शिकत होता आणि किती दिवस नुसता झाडू मारत होता? कारण शिकण्याचा वेळ राखून ठेवायचा म्हणताना आपण जुन्या रखडपट्टीलाही पवित्र ठरवून बसू, अशी मला भीती वाटते.

यंत्रशाळा :

तारतंत्री, प्रश्न रास्त आहे आणि त्यावर मी दोन दिवस विचार केला. त्या सहा महिन्यांतले चार तरी वाया गेले असावेत. कानशीने सपाट पृष्ठभाग काढायला शिकण्यासाठी तीन आठवडे पुरतात; त्यानंतर मी जे घासत होतो ते केवळ दुसऱ्याचे काम होते. तुम्हाला ज्या रीतीने दूर ठेवले गेले, तशी माणसे मीही पाहिली आहेत आणि तेव्हा गप्प राहिलो आहे. म्हणून जुने जसेच्या तसे परत आणावे असे मी म्हणणार नाही.

पण त्या दोन महिन्यांचे काय करायचे, ते मी व्यवस्थापनापुढे मांडले. रात्री आपोआप चालणाऱ्या सोप्या जॉबपैकी आठवड्याला तीन जॉब दिवसपाळीत उमेदवारांसाठी काढून ठेवायचे. पहिला तुकडा सहायकाविना करायचा : गती π × व्यास × फेरे ÷ १,००० या सूत्रावरून स्वतः काढायची, मायक्रोमीटरने स्वतः मोजायचे, आणि चीप, आवाज व फिनिश यांबद्दल जे दिसले-ऐकले ते वहीत लिहायचे. दुसऱ्या तुकड्याला सहायकाची सूचना घ्यायची आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बोलायचे. निदेशक, ही कल्पना तुमच्या वहीवरूनच घेतली आहे. याला तीन महिन्यांची परवानगी मिळाली आहे, तीही अशा अटीवर की मी उमेदवारांवर जाणारा माझा वेळ आणि वाया जाणारा माल दोन्ही नोंदवेन.

पहिल्या दोन आठवड्यांत सहा जॉब झाले. दोन तुकडे मापाबाहेर गेले. स्टेनलेसवाल्या मुलाने चौथ्या जॉबला मशीन मध्येच थांबवले. वहीत त्याने लिहिले आहे की आवाज बारीक झाल्यासारखा वाटला. मी इन्सर्ट पाहिला तर तो ठीक होता. जॉब चकमध्ये, म्हणजे तो पकडणाऱ्या जबड्यात, किंचित सैल धरला गेला होता, म्हणजे कारण त्याने ओळखले नाही, पण बदल ऐकला.

अर्थवेध, वेळ आणि माल या दोन्ही खर्चाच्याच बाजू झाल्या. ऐकू आलेला बदल मिळकतीच्या बाजूला कोणत्या रकान्यात लिहायचा, म्हणजे व्यवस्थापनाला तो तीन महिन्यांनी वाचता येईल? वाचलेले इन्सर्ट आणि मशीन बंद राहण्याचे तास एवढेच मला सुचले आहे. तुमच्याकडे किंवा निदेशकांकडे याहून चांगला नमुना असेल तर कृपया इथेच द्यावा. मी तो पुढच्या सोमवारपासून वापरायला घेईन.